एकविसावा रकाना
१९ जुलै २०२४ : न झालेल्या एका तपासणीचा घटनाक्रम

शुक्रवार, १९ जुलै २०२४. सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या अमेरिकी सायबर सुरक्षा कंपनीने जगभरातल्या आपल्या ग्राहकांच्या विंडोज संगणकांकडे एक लहानशी फाइल पाठवली. ७८ मिनिटांनी ती मागे घेतली. तेवढ्या वेळात, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, ८५ लाख संगणक निळा पडदा दाखवून थांबले. विमाने जमिनीवर राहिली, रुग्णालयांनी शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या, वाहिन्यांचे प्रक्षेपण तुटले. भारतात बोर्डिंग पास पेनने लिहून देण्याची वेळ आली.

कुणी हल्ला केला नव्हता. एका प्रोग्रामने यादीतली एकविसावी नोंद मागितली. यादीत नोंदी होत्या वीस. वसईच्या विद्यावर्धिनीत किंवा विरारच्या विवा इन्स्टिट्यूटमध्ये जावाची पहिली प्रात्यक्षिके करणाऱ्या विद्यार्थ्याच्याही ही चूक ओळखीची असते. त्याच्या पडद्यावर 'ॲरे इंडेक्स आउट ऑफ बाउंड्स' असा संदेश येतो, प्रोग्राम थांबतो, तो ओळ दुरुस्त करतो आणि पुढे जातो. मग तीच चूक एका नामवंत कंपनीत जवळपास पाच महिने कशी लपून राहिली आणि उघडी पडली तेव्हा संदेश देऊन का थांबली नाही, हे क्रमाने पाहण्यासारखे आहे. खालच्या सगळ्या वेळा भारतीय प्रमाणवेळेनुसार आहेत.

२८ वर्षे आधी : १९ जुलै १९९६, पॅरिस

योगायोग असा की या गोष्टीची पूर्वपीठिका नेमकी याच तारखेची आहे. जाक-लुई लिओन्स यांच्या अध्यक्षतेखालच्या मंडळाने एरियन ५ रॉकेटच्या पहिल्या उड्डाणाचा चौकशी अहवाल दिला, त्यावर १९ जुलै १९९६ ही तारीख आहे. ४ जूनला फ्रेंच गयानातल्या कुरूहून निघालेले ते रॉकेट मुख्य इंजिन पेटल्यानंतर सुमारे ३७ सेकंदांनी भरकटले आणि हवेतच नष्ट झाले.

दिशा सांगणाऱ्या यंत्रणेतला प्रोग्राम एरियन ४ साठी लिहिलेला होता आणि तो नव्या रॉकेटवर तसाच चढवला होता. त्यात ६४ बिटांचा एक अपूर्णांकी आकडा १६ बिटांच्या पूर्णांकात बसवायचा होता. नवे रॉकेट आडव्या दिशेने अधिक वेगाने जात होते. आकडा मोठा झाला आणि बसला नाही. अशी सात रूपांतरे धोक्याची आहेत हे आधीच कळले होते. चारांना संरक्षण दिले गेले. प्रोसेसरवरचा भार मर्यादेत ठेवायचा म्हणून उरलेली तीन तशीच सोडली.

प्रोग्राम ज्या एडा भाषेत लिहिलेला होता, तिने चूक जागच्या जागी पकडली. पण पकडल्यावर करायचे काय, तर यंत्रणा बंद, असे आधीच ठरलेले होते. राखीव यंत्रणेत तोच प्रोग्राम असल्याने ती आधीच बंद पडली होती. मग मुख्य संगणकाकडे आले ते बिघाडाच्या निदानाचे आकडे. हे निदान आहे की उड्डाणाची माहिती, एवढे त्याने विचारले नाही. निदानालाच उड्डाणाची माहिती समजून त्याने रॉकेट वळवले.

म्हणजे प्रश्न दोन होते. हातात आले ते ठरल्या प्रकारचेच आहे का? आणि नसेल तर पुढे काय करायचे? प्रोग्राम चालू असताना हे दोन प्रश्न विचारणे म्हणजेच रनटाइम तपासणी.

१४२ दिवस आधी : २८ फेब्रुवारी २०२४

क्राउडस्ट्राइकने आपल्या फाल्कन सेन्सरची ७.११ ही आवृत्ती सर्व ग्राहकांना खुली केली. हा सेन्सर म्हणजे विंडोजच्या अगदी गाभ्यात, कर्नलमध्ये, बसणारा ड्रायव्हर. संगणक सुरू होताना तो फार लवकर जागा होतो, कारण घुसखोराच्या आधी त्याला हजर व्हायचे असते. या जागेला अधिकार मोठे आणि जोखीमही मोठी. साधा प्रोग्राम कोसळला तर विंडोज तेवढाच बंद करून पुढे जाते. कर्नलमधला ड्रायव्हर कोसळला तर विंडोज स्वतःच थांबते.

कंपनी दोन प्रकारची सामग्री पाठवत असे. एक, सेन्सरचा स्वतःचा कोड. त्याच्या बऱ्याच चाचण्या होत आणि ग्राहकाला मुद्दाम एक-दोन आवृत्त्या मागे राहण्याची मुभा असे. दुसरी, रोजच्या नव्या हल्ल्यांची लक्षणे सांगणारी माहिती. ती 'चॅनल फाइल' नावाच्या फायलींतून थेट येई आणि सगळ्यांकडे एकदमच पोचे. मागे राहण्याची मुभा या माहितीला लागू नव्हती.

७.११ मध्ये एक नवा साचा होता. विंडोजमधले दोन प्रोग्राम 'नेम्ड पाइप' नावाच्या मार्गाने एकमेकांशी बोलतात. हल्लेखोर त्या मार्गाचा गैरवापर करतात तो ओळखण्यासाठी हा साचा. त्याच्या व्याख्येत २१ रकाने होते. सेन्सरचा जो भाग प्रत्यक्ष माहिती गोळा करून पुढे देत होता, तो मात्र २० रकानेच भरत होता.

दोन आकडे दोन ठिकाणी होते आणि ते जुळतात का, हे कंपाइलच्या वेळी पाहिले गेले नाही. इथे तपासणीचे दोन टप्पे वेगळे ओळखायला हवेत. कंपाइलची तपासणी म्हणजे विरारच्या तिकीट खिडकीवरची, गाडी सुटण्याआधीची. रनटाइमची तपासणी म्हणजे डब्यात चढणाऱ्या टीसीची. खिडकीवर तिकिटे विकली जातात म्हणून डब्यातला प्रत्येक जण तिकीटधारक ठरत नाही, आणि टीसी आहे म्हणून खिडकी बंद करता येत नाही. त्या दिवशी खिडकीवर घोळ झाला होता आणि टीसी नेमलेलाच नव्हता.

१३६ दिवस आधी : ५ मार्च

नव्या साच्याची ताणचाचणी झाली. साचा उत्तीर्ण झाला आणि त्याच दिवशी चॅनल फाइल २९१ मधून त्यावर आधारलेले पहिले लक्षण ग्राहकांपर्यंत पोचले. काही बिघडले नाही.

न बिघडण्याचे कारण पुढे कळले. चाचणीत आणि या पहिल्या लक्षणात एकविसाव्या रकान्यासाठी 'काहीही चालेल' असे खुणेचे चिन्ह होते. काहीही चालणार असेल तर त्या रकान्यात डोकावण्याची गरजच पडत नाही. एकविसावा रकाना अस्तित्वात नव्हता, पण तो कुणी उघडलाच नाही.

१०२ ते ८६ दिवस आधी : ८ ते २४ एप्रिल

याच साच्यावरची आणखी तीन लक्षणे पाठवली गेली. तिन्हींत एकविसाव्या जागी तेच चिन्ह होते आणि तिन्ही सुरळीत चालली.

इथून पुढे ८६ दिवस काहीच घडले नाही. घटनाक्रमातली ही मोकळी जागा महत्त्वाची आहे, कारण याच काळात विश्वास पक्का झाला: साचा तपासलेला आहे, चार वेळा वापरलेला आहे, पाचव्यांदा विशेष काय पाहायचे?

या मोकळ्या जागेत प्रोग्रामिंगच्या भाषा रनटाइम तपासणीचा प्रश्न कसा हाताळतात ते पाहू. एखाद्या ऑब्जेक्टचा टाइप चालू प्रोग्राममध्ये विचारण्याची सोय बहुतेक आधुनिक भाषांत असते. जावामध्ये 'इन्स्टन्सऑफ', सी शार्प आणि कोटलिनमध्ये 'इज', पायथॉनमध्ये 'इजइन्स्टन्स'. २०२१च्या मार्चमध्ये आलेल्या जावा १६ पासून विचारणे आणि त्या प्रकारात वापरणे एकाच ओळीत होते. आधी विचारून मग वेगळे कास्ट करताना होणारी गफलत त्यामुळे टळते. गो भाषेत टाइप विचारला की दोन उत्तरे घेता येतात, वस्तू आणि 'बरोबर की चूक'. दुसरे उत्तर घेतले नाही आणि अंदाज चुकला तर प्रोग्राम तिथेच घाबरून थांबतो. स्विफ्टमध्ये 'ॲज' पुढे प्रश्नचिन्ह दिले की जमले तर वस्तू मिळते, नाही तर रिकामे उत्तर. रस्टमध्ये यादीच्या बाहेरची जागा 'गेट' वापरून मागितली तर 'नन' मिळते.

मात्र भाषेला चालत्या प्रोग्राममध्ये सगळेच आठवते असे नाही. जावामध्ये 'स्ट्रिंगांची यादी' असे लिहिले तरी कंपाइल झाल्यावर उरते ती नुसती यादी. आतल्या वस्तूंचा प्रकार पुसला जातो. टाइपस्क्रिप्टमध्ये तर कंपाइल झाल्यावर टाइप उरतच नाहीत. कोडमध्ये सुबक इंटरफेस लिहिलेला असतो, सर्व्हरकडून येणारा जेसन त्याला जुमानत नाही, आणि तपासणी आपण हाताने लिहिली नसेल तर कुणीच करत नाही. टाइपस्क्रिप्ट ज्यात बदलते त्या जावास्क्रिप्टला 'नल'चा टाइप विचारला तर आजही 'ऑब्जेक्ट' असे उत्तर येते.

सी++ मध्ये कथा आणखी वेगळी. 'डायनॅमिक कास्ट' ही रनटाइमची विचारणा भाषेत आहे, पण विंडोजच्या कर्नलमध्ये लिहिताना ती आणि अपवाद हाताळण्याची नेहमीची सोय उपलब्ध नसते. साध्या ॲरेतली एकविसावी जागा मागितली तर सी++ विचारत नाही की ॲरे केवढा आहे. त्या पत्त्यावर जे काही पडलेले असेल ते उचलून देते. वेग मिळतो, जबाबदारी लिहिणाऱ्याची. फाल्कनचा रकाने ताडून पाहणारा भाग सी++ मध्ये होता.

६ तास १३ मिनिटे आधी : १९ जुलै, पहाटे ३.२६

मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युअर सेवेचा अमेरिकेतला 'सेंट्रल यूएस' विभाग बिघडला. पुढच्या घटनेशी त्याचा संबंध नव्हता. पण दोन बिघाड एकामागोमाग आल्याने दिवसभर गोंधळ उडाला आणि बातम्यांत 'मायक्रोसॉफ्ट बंद पडले' या मथळ्याखाली सगळा ठपका मायक्रोसॉफ्टवर आला.

सकाळी ९.३९ च्या आधी

साच्यावरची दोन नवी लक्षणे तयार झाली. त्यांतल्या एकात पहिल्यांदाच एकविसाव्या रकान्यात 'काहीही चालेल' ऐवजी ठोस अट होती. ही लक्षणे कंटेंट व्हॅलिडेटर नावाच्या तपासनीस प्रोग्रामकडे गेली. त्याने साच्याची व्याख्या पाहिली. व्याख्या म्हणते २१, लक्षणात २१. बरोबर आहे, जाऊ द्या.

तपासणी झाली, पण कागदाशी कागद ताडून. सेन्सर प्रत्यक्षात किती रकाने भरतो, हे व्हॅलिडेटरने पाहिले नाही. लक्षण खऱ्या सेन्सरमध्ये चालवून पाहण्याचा टप्पाही नव्हता. मार्चमधली चाचणी आणि नंतरच्या यशस्वी फेऱ्या पुरेशा मानल्या गेल्या.

सकाळी ९.३९

फाइल सुटली. कंपनीचे मुख्यालय असलेल्या ऑस्टिनमध्ये गुरुवार रात्रीचे ११ वाजून ९ मिनिटे झाली होती. सिडनीत शुक्रवार दुपारचे २ वाजून ९ मिनिटे, म्हणजे भर कामाची वेळ. म्हणून पहिल्या तक्रारी ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडून आल्या.

आपल्याकडे विरार, नालासोपारा, वसईहून आठच्या सुमारास निघालेली माणसे अंधेरी, दादर, चर्चगेटला उतरून कार्यालयात शिरत होती आणि संगणक सुरू करत होती. ७.११ किंवा त्यानंतरची आवृत्ती असलेला आणि ९.३९ ते १०.५७ या वेळात इंटरनेटला जोडलेला विंडोज संगणक धोक्यात होता. मुंबईतल्या कार्यालयांच्या हजेरीची वेळ बरोबर या ७८ मिनिटांत येते. त्या दिवशी ज्यांना लेट मार्क लागला, त्यांचे लॅपटॉप बहुधा शाबूत राहिले. मॅक आणि लिनक्स संगणकांना या फाइलने काही झाले नाही.

त्यानंतरचा क्षण

संगणकाच्या आत काय घडले ते सावकाश पाहू. नेम्ड पाइपची एक साधी हालचाल झाली. सेन्सरने २० रकान्यांची माहिती गोळा केली; प्रत्येक रकाना म्हणजे मेमरीतल्या मजकुराकडे बोट दाखवणारा पत्ता. ही २० पत्त्यांची यादी सेन्सरच्या लक्षणे ताडून पाहणाऱ्या भागाकडे, कंटेंट इंटरप्रिटरकडे, गेली. नव्या लक्षणाने सांगितले, एकविसावा रकाना ताडून पाहा.

इंटरप्रिटर विसाव्या पत्त्याच्या पुढच्या जागेवर गेला. तिथे यादी संपलेली होती, पण मेमरी संपत नाही. तिथे दुसऱ्या कुणाचे तरी काही बिट पडलेले होते. इंटरप्रिटरने त्यांना मजकुराचा पत्ता मानले आणि त्या पत्त्यावर वाचायला गेला. तो पत्ता वैध नव्हता. कर्नलमध्ये अवैध पत्ता वाचला गेला, तेव्हा विंडोजने 'पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया' असे कारण नोंदवून स्वतःला थांबवले. निळा पडदा आला.

इंटरप्रिटरच्या जागी जावाचा कोड असता तर यादीची लांबी भाषेनेच तपासली असती आणि अपवाद फेकला असता. सी++ मध्येही 'मागितलेला क्रमांक यादीच्या लांबीपेक्षा लहान आहे ना' अशी एक ओळ पुरली असती. ती नव्हती.

संगणक पुन्हा सुरू झाला. ड्रायव्हर लवकर जागा झाला, तीच फाइल वाचली, पुन्हा निळा पडदा. हे चक्र माणसाने हात घातल्याशिवाय तुटत नव्हते.

सकाळी १०.५७

कंपनीने फाइल मागे घेतली. त्यानंतर सुरू झालेल्या संगणकांना दुरुस्त फाइल मिळाली. जे आधीच कोसळले होते त्यांना दुरुस्ती पोचवायची कशी? ती घेण्याइतका वेळ ते जागे राहतच नव्हते. क्लाउडमधल्या काही आभासी संगणकांबाबत मायक्रोसॉफ्टचा सल्ला होता की पुन्हा पुन्हा सुरू करत राहा, पंधरा वेळासुद्धा लागतील. एखाद्या फेरीत कोसळण्याआधी नवी फाइल उतरेल.

दुपारी १२.१८ आणि १२.४५

गुगलच्या कॉम्प्युट इंजिन सेवेने १२.१८ ला आपल्याकडचे विंडोज संगणक कोसळत असल्याचे नोंदवले आणि १२.४५ पर्यंत कारण क्राउडस्ट्राइकची फाइल असल्याचे सांगितले. ब्रिटनमध्ये सकाळ झाली होती. स्काय न्यूजचे थेट प्रक्षेपण बंद पडले होते आणि डॉक्टरांच्या दवाखान्यांत रुग्णांच्या नोंदी उघडत नव्हत्या. अमेरिकेत पहाटे डेल्टा, युनायटेड आणि अमेरिकन या विमान कंपन्यांची उड्डाणे रोखली गेली.

दुपार, मुंबई

इंडिगो, आकासा, स्पाइसजेट, एअर इंडिया एक्सप्रेस यांच्या आरक्षण आणि चेक-इन यंत्रणा अडकल्या. प्रवाशांनी लवकर पोचावे, चेक-इन हाताने होईल, अशा सूचना निघाल्या. मुंबई, दिल्ली, हैदराबाद, बंगळूरु या विमानतळांवर रांगा वाढल्या. हाताने लिहिलेल्या बोर्डिंग पासची छायाचित्रे समाजमाध्यमांवर फिरू लागली. वसई-विरारहून घोडबंदरचा पूल आणि द्रुतगती मार्ग ओलांडून विमानतळ गाठणाऱ्याला प्रवासाचा हिशेब तसाही तासांत करावा लागतो. 'लवकर या' ही सूचना घर सोडल्यावर मिळाली तर तिचा उपयोग नसतो.

दुपारी ३.१५

क्राउडस्ट्राइकचे प्रमुख जॉर्ज कर्ट्झ यांनी जाहीर केले की हा सायबर हल्ला नाही, दोष सापडला आहे आणि दुरुस्ती पाठवली आहे. फाइल सुटल्याला साडेपाच तास उलटले होते.

संध्याकाळ

दिल्लीत इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्री अश्विनी वैष्णव यांनी सांगितले की मंत्रालय मायक्रोसॉफ्टच्या संपर्कात आहे आणि एनआयसीच्या, म्हणजे सरकारी, जाळ्यावर परिणाम नाही. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने सूचनापत्र काढले. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीत दहा बँका आणि बिगर-बँक वित्तसंस्थांना किरकोळ अडचण आल्याचे दिसले. मुंबईचे दोन्ही शेअर बाजार नेहमीसारखे चालले. भारताला फटका कमी बसला त्यामागचे कारण साधे आहे: हा सेन्सर महागडा, मोठ्या कंपन्यांनी वापरायचा, आपल्या बहुतेक सरकारी आणि छोट्या कार्यालयांत तो नव्हताच.

जिथे होता, तिथे दुरुस्ती हाताची होती. प्रत्येक संगणकाजवळ जायचे, सेफ मोडमध्ये सुरू करायचा, विंडोजच्या ड्रायव्हर फोल्डरमधल्या क्राउडस्ट्राइकच्या फोल्डरात जायचे, सी-०००००२९१ ने सुरू होणारी फाइल पुसायची, पुन्हा सुरू करायचा. डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असेल तर त्याआधी ४८ अंकी किल्ली टाइप करायची, आणि ती किल्ली ज्या सर्व्हरवर ठेवली आहे तोही निळा पडलेला असू शकतो. मुंबईच्या कार्यालयांत डेस्कटॉप सपोर्टचे काम करणारी बरीच मुले वसई-विरार पट्ट्यात राहतात. शुक्रवारची शेवटची लोकल आणि टेबलांवर उरलेले संगणक, यांपैकी एकाची निवड त्यांना करावी लागली.

२० जुलै, पहाटे ३

नागरी हवाई वाहतूक मंत्री राम मोहन नायडू यांनी शनिवारी सांगितले की पहाटे ३ पासून विमानतळांवरच्या यंत्रणा सुरळीत चालू लागल्या आहेत. तोवर एकट्या इंडिगोने रद्द उड्डाणांची जी यादी लावली होती, तीत १९२ उड्डाणे होती. जगभरात १९ जुलैला पाच हजारांहून अधिक उड्डाणे रद्द झाली. अमेरिकेत डेल्टाला सावरायला पाच दिवस लागले; सुमारे ७००० उड्डाणे रद्द झाली आणि कंपनीने आपले नुकसान ५० कोटी डॉलर सांगितले. फॉर्च्यून ५०० यादीतल्या कंपन्यांचे नुकसान, मायक्रोसॉफ्ट वगळून, ५४० कोटी डॉलर असल्याचा अंदाज पॅरामेट्रिक्स या विमा-विश्लेषण संस्थेने वर्तवला.

त्यानंतर : २५ जुलै ते ९ ऑगस्ट

२५ जुलैला इंटरप्रिटरमध्ये यादीची लांबी तपासणारी ती ओळ आली. तोवर ९७ टक्के सेन्सर पुन्हा सुरू झाले होते. २७ जुलैला कंपाइलच्या वेळी रकाने मोजण्याची तपासणी आली. ६ ऑगस्टला कंपनीने मूळ कारणांचा अहवाल प्रसिद्ध केला. जुन्या आवृत्त्यांपर्यंत दुरुस्ती पोचवण्याची मुदत ९ ऑगस्ट होती.

अहवालात सहा मुद्दे आहेत. रकान्यांची संख्या कंपाइलच्या वेळी तपासली नाही. रनटाइमला यादीची हद्द तपासली नाही. चाचण्यांत सगळ्या प्रकारच्या अटी घेतल्या नाहीत. व्हॅलिडेटरच्या तर्कात चूक होती. लक्षणे खऱ्या इंटरप्रिटरमध्ये चालवून पाहिली नाहीत. आणि फाइल आधी थोड्यांकडे, मग बाकीच्यांकडे, अशी टप्प्याटप्प्याने सोडली नाही. सहांपैकी कुठलाही एक अडसर जागेवर असता तर विमानतळावर पेन काढावे लागले नसते. पण दुसरा मुद्दा इतर पाचांहून वेगळा आहे. बाकीचे पाच माणसांच्या शिस्तीवर, वेळापत्रकावर आणि दुसऱ्या विभागांवर अवलंबून आहेत. दुसरा कोडच्या त्या ठिकाणी, त्या क्षणी, स्वतःपुरता उभा राहतो. वरचे सगळे चुकले तरी तो काम करतो.

निकाल

रनटाइम तपासणीवर दोन आक्षेप नेहमी घेतले जातात आणि दोन्ही निम्मे खरे आहेत. पहिला, ती वेग खाते. एरियनवर तीन रूपांतरे याच हिशेबाने उघडी राहिली. आजच्या प्रोसेसरवर एका तुलनेची किंमत बहुतेक ठिकाणी मोजण्याजोगीही नसते. दुसरा, जागोजागी टाइप विचारणारा कोड म्हणजे रचना फसल्याची खूण. हे बरोबर आहे: स्वतःच्याच वर्गांना 'तू कोण' असे पाच-सात वेळा विचारणारी 'इफ'ची शिडी दिसली तर ते काम त्या वर्गांवर सोपवावे. जावा १७ मधले 'सील्ड' वर्ग आणि जावा २१ मधला नवा 'स्विच' यांच्या साहाय्याने कंपाइलरलाच सगळे प्रकार मोजायला लावता येतात.

पण हा आक्षेप घराच्या आतल्या कोडला लागू आहे, उंबरठ्याला नाही. फाइलमधून, नेटवर्कवरून, डेटाबेसमधून किंवा दुसऱ्या गटाच्या कोडमधून जे येते त्याबद्दल आपल्या कंपाइलरने काहीही पाहिलेले नसते. चॅनल फाइल २९१ ही बाहेरून आलेली माहिती होती आणि तिला घरच्या कोडइतका विश्वास मिळाला.

म्हणून वसई-विरारहून रोज गोरेगाव-मालाडच्या कार्यालयांत कोड लिहायला जाणाऱ्यांना आणि ती वाट धरणाऱ्या विद्यार्थ्यांना तीन गोष्टी सांगायच्या. बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू वापरण्याच्या ओळीआधी तपासा: प्रकार, संख्या, हद्द. तपासणी फसली तर काय होईल तेही तिथेच लिहा. ती एक वस्तू नाकारा, आधीची चांगली प्रत चालू ठेवा, नोंद करा आणि कुणाला तरी कळवा. आणि चाचणीत 'काहीही चालेल' लिहिलेल्या प्रत्येक जागी एकदा तरी ठोस अट घालून पाहा. परीक्षेत 'इन्स्टन्सऑफ'ला दोन गुण असतात. १९ जुलैला तशा एका ओळीच्या अभावाची किंमत अब्जावधी डॉलरमध्ये निघाली, आणि ती ओळ सहा दिवसांत लिहून झाली.